निर्णय शुक्रवारपर्यंत हवाय, पण प्रश्न नक्की कोणता?

नवा_भिडू (धागाकर्ता)

मंडळी, एरवी मी वाचनमात्र. आज अडलंय म्हणून धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

यंत्रांचे सुटे भाग साठवून पाठवणाऱ्या एका गोदामात मी नऊ वर्षं आहे. आठ महिन्यांपूर्वी मला डिस्पॅचचा मॅनेजर केलं. दोन शिफ्टची मिळून बावीस माणसं हाताखाली. गेल्या दोन महिन्यांत चुकीचा माल गेल्याच्या ६३ तक्रारी आल्या. ग्राहक डावा भाग मागतो, त्याला उजवा जातो. त्याचं मशीन बंद, माल परत आणायचा खर्च आमचा आणि वर बोलणी खायची ती वेगळी.

सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी फळ्यावर दोन पर्याय लिहिले. एक, प्रत्येक पिकरच्या (रॅकमधून माल काढणाऱ्याच्या) हातात स्कॅनर. दोन, सेकंड शिफ्टच्या दोन जुन्या माणसांना पिकिंगवरून हलवायचं, कारण ६३ पैकी ४६ चुका सेकंड शिफ्टच्या. काय करायचं ते मी शुक्रवारी सांगायचंय. खोलीत सात जण होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

घरी आल्यापासून चैन नाही. त्या दोघांपैकी एकाने मला पिकिंग शिकवलंय. त्यामुळे मन कचरतंय ते या नात्यापायी, की खरंच काहीतरी चुकतंय, हेच कळेना. तुम्ही मंडळी असे निर्णय कसे घेता? काही पद्धत असते, की सगळं अंदाजपंचे?

टाचणी

४६ भागिले किती?

नवा_भिडू

@टाचणी, समजलो नाही.

टाचणी

सेकंड शिफ्ट दिवसाला किती माल काढते आणि फर्स्ट किती, ते कुठेच लिहिलं नाहीत. जो जास्त भांडी घासतो त्याच्याच हातून जास्त फुटतात.

सरळसोट

एवढा कीस कशाला पाडायचा? मॅनेजरला पगार निर्णय घेण्याचा मिळतो, विचारात पडण्याचा नाही. स्कॅनर घ्या, विषय संपवा. आमच्याकडे घेतले तेव्हा चुका कमी झाल्या होत्या. स्वानुभव. शिवाय माणसं हलवायचा वाईटपणाही टळतो.

निवृत्त_मुकादम

तीस-बत्तीस वर्षं कारखान्यात माणसं सांभाळली, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. घाईत असाल तर पुढे सरका.

फळ्यावर दोन पर्याय आले की खोलीतले सगळे त्या दोघांतच निवड करू लागतात. प्रश्न काय होता ते कोणी विचारत नाही. तुमच्या फळ्यावर 'चुका का होतात' असं लिहिलेलं होतं का? बहुधा नसावं. 'काय करायचं' एवढंच असणार.

हर्बर्ट सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते संस्थांमध्ये निर्णय प्रत्यक्षात कसे होतात याच अभ्यासासाठी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाकडे वेळ, माहिती आणि डोकं हे तिन्ही बेताचंच असतं. म्हणून तो सगळ्यात उत्तम पर्याय शोधत बसत नाही, चालण्याजोगा पहिला पर्याय सापडला की थांबतो. यात वावगं काही नाही, मीही आयुष्यभर तेच केलं. पण चालण्याजोगा म्हणजे कशासाठी, हे आधी ठरलेलं असावं लागतं. तुमच्या साहेबांना मीटिंग संपवण्यासाठी चालतील असे दोन पर्याय सापडले. चुका थांबवण्यासाठी ते चालतील का, हा निराळा मुद्दा.

आता 'का' विचारण्याबद्दल. टोयोटातली पाच वेळा 'का' विचारायची पद्धत हल्ली शाळकरी पोरांनाही माहीत असते. पद्धत चांगली. पण ती एसी खोलीत बसून वापरली की तिसऱ्या 'का'ला गाडी 'माणूस निष्काळजी आहे' या भिंतीवर आपटते आणि तिथेच थांबते. टोयोटात ते प्रश्न जागेवर उभं राहून विचारायचे असतात, मशीनसमोर. हे दुसरं अर्धं लोक विसरतात. शिवाय एका 'का'ला एकच उत्तर असतं असं कोणी सांगितलं? काओरू इशिकावा यांची माशाच्या काट्यासारखी आकृती त्यासाठीच आहे: माणूस, यंत्र, माल, पद्धत, असे वेगवेगळे काटे काढायचे आणि प्रत्येकावर काय काय लटकतंय ते बघायचं.

तेव्हा शुक्रवारच्या आत एक पूर्ण सेकंड शिफ्ट रॅकमध्ये उभे राहा. साहेबासारखे नाही. हातात पिकिंगची यादी घेऊन, स्वतः माल काढत.

सरळसोट

मुकादम, मान राखून सांगतो, सगळ्यांना एवढा वेळ नसतो.

हजेरीपट

वेळेवरून आठवलं. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मोठ्या अधिकाऱ्यांच्या पाठीमागे फिरून त्यांचा दिवस टिपला होता, १९७३ साली ते प्रसिद्ध झालं. त्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत उरकलेली होती. तासाच्या वर चाललेली जेमतेम दहा टक्के. मोबाईल, ईमेल यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. शांत बसून आकडे मांडून निर्णय घेणारा मॅनेजर फक्त ट्रेनिंगच्या स्लाइडवर असतो.

सरळसोट यांचा मुद्दा म्हणून खरा आहे. वेळ कुणालाच नसतो. पण त्यावरून तीच नऊ मिनिटं कशावर घालवायची हे ठरतं, एवढंच.

दीडशहाणी

टाचणी यांच्या तीन शब्दांच्या प्रतिसादावर मला पानभर लिहायचंय, कारण हा भागाकार न केल्याने काय होऊ शकतं याचं सगळ्यात भयंकर उदाहरण मला ठाऊक आहे.

२८ जानेवारी १९८६. चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच तुटलं, सातही अंतराळवीर गेले. आदल्या रात्री बूस्टर (यानाला वर ढकलणारी रॉकेटं) बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनियर आणि नासाचे अधिकारी यांच्यात फोनवर मीटिंग झाली होती. बूस्टरच्या जोडांमधल्या रबरी कड्या थंडीत आखडतात, म्हणून ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उडवू नका, असं इंजिनियर सांगत होते. त्यांना विचारलं गेलं, पुरावा काय? ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती तेवढीच समोर ठेवली, तर थंडीतही इजा दिसत होती आणि उबेतही. म्हणजे तापमानाचा संबंध नाही, असं वाटायला जागा होती.

इजा न झालेली उड्डाणं त्यात कोणी धरलीच नव्हती. नंतर चौकशी आयोगाने ती धरली तेव्हा चित्र लख्ख झालं. ६६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये इजा. ६३ किंवा त्याखालच्या उड्डाणांत चारपैकी चारही.

त्याच मीटिंगमध्ये मधेच फोन बाजूला ठेवून कंपनीच्या लोकांनी आपापसात खल केला. तिथे इंजिनियरिंगच्या प्रमुखाला वरिष्ठाने सांगितलं, इंजिनियरची टोपी काढ आणि मॅनेजमेंटची घाल. त्यांनी घातली. उड्डाणाला होकार गेला.

नवा_भिडू, तुमच्या गोदामात कोणाचा जीव जाणार नाही हे मला कळतं. पण ४६ हा आकडाही नुसत्या इजांचा आहे. बरोबर गेलेला माल त्यात कुठे आहे?

आडवातिडवा

+१. टोपीचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे टोपी बदलायला कोणी सांगत नाही, ती परस्पर बदलून टाकतात.

नवा_भिडू

आज दुपारभर जुन्या नोंदी उपसल्या. दोन महिन्यांत फर्स्ट शिफ्टने साधारण ४,२०० ओळी काढल्या (यादीतला एक भाग म्हणजे एक ओळ). सेकंडने ११,५००, कारण ऑर्डरी दुपारनंतर पडतात आणि ट्रक रात्री सुटतात.

१७ भागिले ४,२००. ४६ भागिले ११,५००. दोन्हीकडे हजारात चार.

दोनदा करून पाहिलं. फळ्यासमोर सात जण बसलो होतो, एकाचाही हात कॅल्क्युलेटरकडे गेला नाही. फार खजील वाटतंय.

मग ६३ तक्रारी एकेक करून वाचल्या. ११ मध्ये नग कमी गेले. ८ किरकोळ, पत्ता चुकला वगैरे. उरलेल्या ४४ एकाच जातीच्या: पार्ट नंबरचा फक्त शेवटचा आकडा वेगळा. डावा-उजवा, किंवा जुनी आवृत्ती-नवी आवृत्ती. आणि त्या ४४ पैकी ३१ चार नंबरच्या गल्लीतल्या.

टाचणी

आता जमलं.

सरळसोट

ठीक आहे, माणसं हलवायचं रद्द. पण हा तर स्कॅनरच्याच बाजूचा पुरावा झाला की! शेवटचा आकडा माणूस चुकतो, स्कॅनर चुकत नाही.

उंबरठा

सरळसोट यांचं बरोबर असू शकतं, पण सगळेच निर्णय एका मापाने का मोजायचे?

ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी २०१५ च्या वर्षासाठी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात निर्णयांना दारांची उपमा दिली होती. काही दारं एकदा ओलांडली की परत येता येत नाही, तिथे सावकाश जा. काही दारांतून पलीकडे डोकावून परत येता येतं, तिथे घोळ घालू नका. माझ्या मते मॅनेजर लोकांची गल्लत ही होते की कुठलं दार कुठल्या जातीचं हेच ते उलटं ओळखतात.

इथेच बघा. माणसाची जागा बदलणं कागदावर अगदी सोपं. एक मेल टाकायची, नाही जमलं तर परत आणू. पण सगळ्यांदेखत 'तुझ्यामुळे चुका होतात' असं ठरवून हलवलेला माणूस परत आणला तरी तो तोच राहतो का? हे दार परतीचं नाही. उलट स्कॅनरची खरेदी मोठी दिसते म्हणून सगळे तिला घाबरतात, पण दोन नग मागवून एका गल्लीत महिनाभर वापरून बघायला कोणी अडवलंय?

कोरा_कागद

मला धागाकर्त्याच्या 'मन कचरतंय' या शब्दांवर बोलायचंय. मी रुग्णालयात नर्सिंग सुपरवायझर आहे. आमच्याकडे असं कचरणारं मन कधी एखाद्याला वाचवतं, कधी दगा देतं.

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी आगीच्या बंबावरच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला होता. तुम्ही पर्यायांची तुलना कशी करता, असं विचारल्यावर ते म्हणायचे, आम्ही तुलना करतच नाही. आग बघितली की काय करायचं ते सुचतं. वर्षानुवर्षांच्या आगी त्यांच्या नजरेत मुरलेल्या असतात. उलट दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी हयात घालवली ती माणसाची सहजबुद्धी कशी फसते हे दाखवण्यात. या दोघांनी २००९ साली मिळून एक लेख लिहिला. त्याचं सार असं की अंतःप्रेरणेवर विश्वास टाकायला दोन गोष्टी लागतात: ज्या क्षेत्रात आपण आहोत तिथे काहीतरी नियमितपणा हवा, आणि आपण चुकलो की बरोबर हे वेळच्या वेळी कळायला हवं.

तुमच्या बाबतीत मी असं म्हणेन. रॅकमध्ये उभं राहून 'इथे काहीतरी बिनसलंय' असं वाटलं तर त्यावर विश्वास ठेवा, ती नऊ वर्षांची नजर आहे. पण कोण माणूस कामाचा नि कोण नाही, याबद्दलचं मन आठ महिन्यांचं आहे. माणसं पारखण्यात चुकलो की नाही हे कळायला वर्षं जातात, पुष्कळदा कळतच नाही.

माझंच सांगते. एका नव्या मुलीला मी रात्रपाळीला कमकुवत ठरवलं होतं. कारण काय, तर ती सारखी फोन करून विचारायची. दीड वर्षाने लक्षात आलं, की ज्या गोष्टी इतर जणी अंदाजाने रेटून नेत होत्या त्याच ती विचारत होती. तोवर ती सोडून गेली होती.

आडवातिडवा

अवांतर: 'अंतःप्रेरणा' फार जड वाटतं. आमच्याकडे 'आतून वाटणं' म्हणतात.

दीडशहाणी

अवांतराला अवांतर: आणि बॉसला आतून वाटलं की त्याला 'व्हिजन' म्हणतात.

नवा_भिडू

काल सेकंड शिफ्टला यादी घेऊन चार नंबरच्या गल्लीत माल काढला. चार वाजता सुरू केलं, साडेदहाला थांबलो. मुलांना आधी वाटलं मी पाळत ठेवायला आलोय. तासाभराने विसरले.

जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो. डावा नि उजवा भाग शेजारशेजारच्या बिनमध्ये (माल ठेवायच्या खोक्यांत). दोन्ही बिन एकाच रंगाचे. लेबल छापलेलं, पण नंबराचे सगळे आकडे एकाच आकाराचे, जो शेवटचा बघायचा तोच कडेला, आणि बिनची कड घासून घासून तेवढाच पुसट झालेला. गल्लीच्या मधोमध वरची ट्यूब बंद. रॅक पाच मजली, त्यामुळे दिवसाही तिथे उजेड पोचत नाही. मुलं एका हातात यादी, दुसऱ्या हातात मोबाईलची बॅटरी धरतात, माल काढताना मोबाईल दातात.

आणि ज्यांना हलवायचं ठरत होतं त्यातल्या एकाने, माझ्या गुरूने, काय केलं होतं सांगू? स्वतःच्या खडूने काही बिनवर भला मोठा 'डा' आणि 'उ' काढून ठेवला होता. मी म्हटलं, सगळ्यांवर का नाही काढलात? म्हणाले, गेल्या ऑडिटला पुसायला लावलं, बिनवर खडू चालत नाही म्हणून. पुसायला कोणी लावलं तेही त्यांनी सांगितलं. मीच लावलं होतं. मला आठवतही नव्हतं.

साडेतीन तासांनी मी स्वतः एक उजवा भाग डाव्याच्या खोक्यात टाकला. पॅकिंगच्या मुलीने पकडला.

निवृत्त_मुकादम

हा प्रतिसाद वाचून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. खडू पुसायला मीही लावलाय, वेगळ्या कारखान्यात.

सरळसोट

मान्य. पण शुक्रवारी साहेबांना खडू दाखवणार का? तयारी करून जा. फळ्यावर त्यांनी स्वतः लिहिलेले दोन्ही पर्याय तुम्ही खोडायला निघालायत, तेही सगळ्यांसमोर.

हजेरीपट

सगळ्यांसमोर खोडूच नका. गुरुवारी एकटे गाठून भागाकार दाखवा, म्हणजे शुक्रवारी तो त्यांचाच भागाकार असेल.

आणि बाकीच्या पाच जणांचं मत हवं असेल तर साहेब बोलायच्या आधी प्रत्येकाकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. वरिष्ठ बोलले की मग मतं उरत नाहीत, माना उरतात. १९८५ साली इंटेलचं मेमरी चिपचं दुकान तोट्यात होतं, पण ज्यांनी ते उभं केलं त्यांनाच ते बंद करवेना. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी तिचे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारलं, आपल्याला काढून नवा माणूस आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच दाराबाहेर जाऊन परत येऊ आणि ते करू, असं ग्रोव्ह म्हणाले. तुमच्या साहेबांना असंच विचारून बघा: काल रुजू झालेल्या माणसाला फळा न दाखवता फक्त ६३ तक्रारी दिल्या, तर तो काय करेल?

टाचणी

आणि जे ठरेल त्याबद्दल आधीच समजा की तीन महिन्यांनी ते फसलंय. का फसलं, ते प्रत्येकाने लिहायचं. हीही क्लाइन यांचीच युक्ती. 'काही शंका आहेत का' विचारलं तर कोणी बोलत नाही. 'फसलंय, कारण सांगा' म्हटलं की सगळे हुशारी दाखवतात.

नवा_भिडू

तीन आठवड्यांनी येतोय, क्षमस्व.

गुरुवारी साहेबांना भेटलो. भागाकार बघून गप्प झाले, मग म्हणाले 'हे आधी का नाही सांगितलंस'. ('आधी मलाही ठाऊक नव्हतं' एवढंच म्हणालो.) शुक्रवारी ठरलं ते असं: माणसं जिथल्या तिथे. चार नंबरच्या गल्लीत जोडीचे भाग एकमेकांपासून लांब, वेगळ्या रंगाच्या बिनमध्ये, शेवटचा आकडा तिप्पट मोठा. तीन नंबरच्या गल्लीत दोन स्कॅनर महिनाभर, बाकी काही न बदलता. कुठे काय होतंय ते बघून पुढचं.

'फसलंय' चिठ्ठ्यांमध्ये सातपैकी चौघांनी एकच लिहिलं: नवा माल आला की घाईत जुन्याच जागी ठेवला जाईल. ते आमच्या डोक्यातच नव्हतं. आता माल उतरवणाऱ्या मुलांनाही नवी मांडणी दाखवलीय.

चार नंबरमध्ये तीन आठवड्यांत ३ चुका. आधी आठवड्याला तीन-चार व्हायच्या. तीन आठवडे म्हणजे फार नाही, हे टाचणी सांगायच्या आधी मीच सांगतो. स्कॅनरच्या गल्लीतही फरक दिसतोय, तेव्हा सरळसोट अगदीच चुकीचे नव्हते.

सरळसोट

'अगदीच चुकीचे नव्हते' हे प्रशस्तिपत्र चौकटीत लावतो.

कोरा_कागद

छान. ट्यूब बदलली का? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत.

नवा_भिडू

तेच लिहायचं टाळत होतो.

बदलली. पण कोणी कळवलं कसं नाही म्हणून देखभालवाल्यांवर चिडलो होतो. त्यांनी शांतपणे मेल पुढे केला. विनंती पाच महिन्यांपूर्वीची, गुरूंनीच टाकलेली. त्यानंतर दोन स्मरणपत्रं. स्थिती: मंजुरीसाठी प्रलंबित. मंजुरी देणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव.

टाचणी

तशा अजून किती आहेत?

नवा_भिडू

मोजल्या. अठरा. आज त्याच घेऊन बसलोय.